उजवा स्पीकर

१

पावणेपाच वाजले की दीप्ती रेकॉर्ड लावायची.

तिचा नवरा अंबरीश गेल्यानंतर तेराव्याचे पाहुणे आपापल्या गावी परतले आणि चौदाव्या दिवशी पावणेपाचला ती पुढच्या खोलीत नुसतीच उभी राहिली. एकतीस वर्षं या वेळेला या खोलीत काहीतरी वाजत आलं होतं. आज वाजत नव्हतं, एवढंच तिला खटकलं. दुःख म्हणावं तर ते अजून आलंच नव्हतं. ग्वारीघाटावर नर्मदेत अस्थी सोडतानाही तिच्या मनात आलं ते इतकंच, की पायऱ्यांवर शेवाळ आहे आणि मुलीने, चिन्मयीने, जपून उतरायला हवं. लोक म्हणाले, फार धीराची बाई. धीर कसला, दात काढल्यावर गाल बधिर होतो तशी ती सगळीच बधिर झाली होती. तेव्हा तिने तो पुसायचा तशीच रेकॉर्ड फडक्याने पुसली, सुई ठेवली आणि दिवाणावर बसून राहिली.

ती रेकॉर्ड म्हणजे एक प्रकरणच होतं. रेल्वेतले एक अँग्लो-इंडियन गार्ड मुलीकडे ऑस्ट्रेलियाला राहायला निघाले, तेव्हा त्यांनी घरातलं सामान ओळखीच्यांना वाटून टाकलं. त्यात ती अंबरीशच्या वाट्याला आली. वेष्टन हरवलेलं, मधलं लेबल खरवडलेलं, त्यामुळे वाजवणारे कोण, कुठले, काही पत्ता नाही. अमेरिकेतल्या काळ्या वादकांचं साठ-सत्तर सालातलं संगीत, त्याला सोल म्हणतात, एवढं अंबरीशने तिला सांगितलं होतं. ऑर्गन, गिटार, बेस म्हणजे खर्जातली गिटार, आणि ड्रम अशी चारच वाद्यं. गायक नाही. घरी आलेले पाहुणे चहा संपेपर्यंत गाणं सुरू व्हायची वाट बघायचे आणि शेवटी न राहवून विचारायचे, "अच्छा, गाने वाला कब आएगा?"

अंबरीशला हा प्रश्न मनापासून आवडायचा. "तो येतच नाही जी," तो म्हणायचा. "म्हणून तर पन्नास वर्षं झाली तरी हे शिळं नाही होऊन राहिलं. शब्द असले की शब्द म्हातारे होतात. आणि ऐका जरा, चौघंही कमी वाजवतात. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी जागा सोडून वाजवून राहिला."

वीज मंडळात नकाशे काढण्यात त्याची हयात गेली. एरवी तोंडातून शब्द निघायचा नाही, पण या विषयावर बोलायला लागला की पाहुणेच घड्याळाकडे बघायला लागायचे.

२

त्याची वाजवायची एक तऱ्हा होती, ती आधी सांगायला हवी.

त्या काळच्या रेकॉर्डमध्ये वाद्यं सरळ दोन बाजूंना वाटून टाकलेली असत. या रेकॉर्डमध्ये ऑर्गन आणि गिटार डाव्या स्पीकरमधून यायचे, बेस आणि ड्रम उजव्यातून. अंबरीशने याचा बरोबर फायदा उठवला. बॅलन्सचं बटण डावीकडे टोकापर्यंत फिरवून ठेवायचं, म्हणजे उजवी बाजू गप्प. मग उजव्या कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून ती रिकामी बाजू आपण भरायची. हातात बेस गिटार, आणि ड्रमच्या जागी फरशीवर आपटायला पाय. तरुणपणी गणपतीत ऑर्केस्ट्रात बेस वाजवलेला माणूस, ती हौस अशी भागवायचा. पुढे पुढे तर त्याने उजव्या स्पीकरची वायरच काढून टाकली आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवायला लागला.

वाजवायचा बरा. एका जागी मात्र हमखास फसायचा. रेकॉर्डच्या तिसऱ्या तुकड्यात ऑर्गन वर चढत जातो आणि तिथे बेसने खाली उतरायचं असतं. अंबरीश तिथे एक ठोका उशिरा उतरायचा. एकतीस वर्षांत एकदाही तो तिथे वेळेवर पोचला नाही. उशीर झाला की स्वतःशीच "धत्" म्हणायचा आणि पुढे जायचा. स्वयंपाकघरात दीप्ती ते ऐकून चहाचं आधण ठेवायची.

चिन्मयी त्यांची एकुलती. तिला त्याने बारावीपर्यंत बेस शिकवला. पोरीने सगळं उचललं, तो उशीरसुद्धा. मग ती पुण्याला नोकरीला गेली आणि बेस गिटार पुन्हा एकट्या बापाची झाली. आता ती पेटीत बंद होऊन दिवाणाखाली होती.

दीप्तीने कुठल्याच बटणाला हात लावला नव्हता. त्यामुळे ती ऐकत होती ते अर्धंच संगीत होतं, नुसता ऑर्गन आणि गिटार, खाली काहीच नाही. तिला ते चाललं. शब्द नसल्यामुळे ते तिच्याकडून कसलीच अपेक्षा करत नव्हतं. फोनवर सांत्वन करणाऱ्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागायचं, इथे तेही नव्हतं.

३

डिसेंबरातला एक सोमवार. थंडी चांगलीच पडली होती, खिडकीतून येणारं ऊन दिवाणाच्या काठापर्यंत येऊन थांबलं होतं. रेकॉर्ड लावून दीप्ती स्वयंपाकघरात चहाला गेली. कपाटावरच्या स्टीलच्या डब्याचं झाकण बारीक थरथरत होतं. तिने त्यावर हात ठेवला, थरथर थांबली. हात काढला, पुन्हा सुरू झाली. अंबरीश बेस वाजवायचा तेव्हा ते झाकण असंच वाजायचं आणि ती त्यावर वाटी पालथी घालायची.

आताही तिने वाटी घातली. घातल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

ती पुढच्या खोलीच्या दारात आली. संगीत पूर्ण होतं. ऑर्गनच्या खाली बेस चालत होता, जाड, निवांत, घाई नसलेला, आणि बेसच्या जोडीला एक मऊसा ठोका. तिने आठवून पाहिलं. कालही होता. परवाही असावा. तीन-चार दिवस घर थोडं भरल्यासारखं वाटत होतं, ते तिने बाहेरच्या उन्हामुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं.

बटण सरकलं असेल, तिने ठरवलं. कामवाल्या बाईने धूळ पुसताना फिरवलं असेल. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई ती, असल्या गोष्टींना कारण असतं हे तिने मुलांना घोकवून घेतलं होतं. तिने चष्मा लावून बटण पाहिलं. ते डावीकडे टोकाला होतं. उजव्या स्पीकरची वायर गुंडाळून मागे ठेवलेली होती.

आवाज उजव्या कोपऱ्यातून येत होता.

घाबरायला हवं होतं. तिने वाटही पाहिली भीतीची. आली नाही. चहा उतू गेला तेव्हा ती आत गेली.

४

मंगळवारी तिने गुणवंतला बोलावलं. कांचघरला गुणवंतचं अँप्लिफायर-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि अंबरीशची ही सगळी यंत्रं त्यानेच जिवंत ठेवली होती. वयाने पन्नाशीचा, मूळचा अमरावतीकडचा. तो पाठीवर पिशवी घेऊन आला, अँप्लिफायरची मागची जाळी उघडली, टॉर्च मारून पाहिलं.

"वहिनी, इकडून आवाज येऊच नाही शकत," तो म्हणाला. "वायरच नाही लावलेली. भाऊंनी काढली ते मी पाह्यलं होतं ना. काहून, काय झालं?"

"बेस येऊन राहिला," दीप्ती म्हणाली.

"कुठून?"

तिने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. गुणवंतने मान हलवली. भिंतीत घुमतं कधीकधी, खालच्या मजल्यावर कोणी वाजवत असेल, आजकाल पोरं मोठेमोठे बूफर-स्पीकर लावतात, अशी त्याने एकामागून एक कारणं दिली, आणि ती सगळी दीप्तीने स्वतःला आधीच देऊन झाली होती. मग त्याने रेकॉर्ड लावली आणि चहा घेत ऐकत बसला.

पहिला तुकडा संपला, दुसरा सुरू झाला.

"कुछ नहीं है, वहिनी," गुणवंत म्हणाला. "नुसता ऑर्गन आन् गिटार. मला तर काहीच नाही ऐकू येऊन राहिलं."

हे म्हणताना त्याचा उजवा पाय फरशीवर ठेका धरून होता. त्या ऑर्गनमध्ये आणि गिटारमध्ये असा ठेका नव्हता. दीप्तीने पायाकडे पाहिलं, त्यानेही पाहिलं, आणि पाय थांबला.

त्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि पिशवी उचलली. दारात चपला घालताना खाली बघतच विचारलं, "चिन्मयी कधी येऊन राहिली?"

"शनिवारी."

"हां. मग तोवर नका लावू. तबकडीचा पट्टा सैल झाला आहे, रेकॉर्ड खराब होईल."

पट्टा महिन्याभरापूर्वी त्यानेच नवा बसवला होता.

५

बुधवारी ती ऐकायलाच बसली. दिवाणावर, पाठ ताठ करून, मुलांची तोंडी परीक्षा घ्यायला बसावं तशी.

तिला एकच गोष्ट पडताळायची होती. मनात एक विचार येऊन बसला होता, आणि विज्ञानाच्या बाईने तो हाकलायला हवा होता, पण तिने त्याला बसू दिलं होतं. अंबरीश असेल तर तिसऱ्या तुकड्यात कळेल. तिथे तो लपू शकणार नाही.

पहिला तुकडा. बेस आला, ठोका आला. खुर्चीकडे ती बघत नव्हती, टेबलावरच्या वर्तमानपत्राकडे बघत होती. दुसरा तुकडा. तिसरा. ऑर्गन चढायला लागला. आयुष्यात तिने त्याच्या त्या चुकीची इतकी वाट कधी पाहिली नव्हती.

बेस वेळेवर उतरला. एखादा माणूस स्वतःच्या घराच्या पायऱ्या न बघता उतरतो तसा.

तिने सुई उचलून तो तुकडा पुन्हा लावला. पुन्हा वेळेवर. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिला वाटलं, की बेस त्या जागी किंचित जोरात वाजला, तिला हवं ते नीट ऐकू यावं म्हणून.

तो अंबरीश नव्हता. हे तिला बुधवारी कळलं, आणि गुरुवारी पावणेपाचला तिने पुन्हा रेकॉर्ड लावली.

यात तिला दोष द्यायचा तर देता येईल. ती स्वतःही देत होती. पण त्या अर्ध्या तासात खोलीत कोणीतरी असायचं. कोण, हे विचारलं नाही तर चालत होतं. दिवसाचे उरलेले साडेतेवीस तास तिला काहीच वाटत नव्हतं, आणि या अर्ध्या तासात निदान एवढं वाटायचं की आपल्याला काही वाटत नाही आहे. शुक्रवारी तिने उजव्या स्पीकरवर साठलेली जुनी वर्तमानपत्रं उचलली, धूळ पुसली आणि ती जागा मोकळी ठेवली.

६

शनिवारी सकाळी चिन्मयी आली. स्टेशनवरून रिक्षाने थेट, एक छोटी बॅग घेऊन. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोघींनाही तेच दिसलं. पोरगीही रडली नव्हती. चेहरा राखेसारखा झाला होता, बोलणं कामापुरतं.

"आई, उद्याच्या गाडीची दोन तिकिटं आहेत," जेवताना ती म्हणाली. "तू येऊन राहिली माझ्यासोबत. यावर डिस्कशन नाही."

"घराचं काय?"

"घर कुठे जात नाही. तू इथे एकटी बसून काय करून राहिली, सांग बरं."

दीप्तीने भातात वरण कालवलं. सांगण्यासारखं एकच होतं आणि तेच सांगता येत नव्हतं. पुण्याला जायचं म्हणजे पावणेपाच सोडायचं. तिने ठरवलं होतं की जायचं नाही, आणि आज रेकॉर्डही लावायची नाही. उद्या पोरीला गाडीत बसवून दिलं की परवापासून पुन्हा. असला हिशोबी कावेबाजपणा आपल्या अंगात आहे, हे तिला साठीला कळत होतं.

दुपारी दोघी झोपल्या. दीप्तीला जाग आली ती पुढच्या खोलीतल्या खुडबुडीने. चिन्मयीने दिवाणाखालून पेटी ओढून काढली होती. बेस गिटार पुसून तिची वायर छोट्या अँपला जोडली होती. तारा सुरात लावून झाल्या होत्या.

"राहू दे ग," दीप्ती म्हणाली. "कशाला आता."

"एकदाच वाजवते. बाबांसाठी. फिर पॅक कर देंगे."

नाही म्हणायला कारण हवं होतं. दीप्तीने ते शोधेपर्यंत चिन्मयीने सुई ठेवली होती. घड्याळात पावणेपाच झाले होते.

७

ऑर्गन सुरू झाला. चिन्मयी दिवाणाच्या मधोमध मांडी घालून बसली होती. ती बेस वाजवायला लागली, आधी अडखळत, मग सरळ. दीप्ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिचे कान कोपऱ्याकडे लागले होते.

कोपरा गप्प होता. जागा भरलेली होती, तर तिथे दुसऱ्या कोणाला वावच नव्हता. दीप्तीला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच कोणाचा तरी अपमान झाल्यासारखंही.

तिसरा तुकडा आला. ऑर्गन चढायला लागला, आणि चिन्मयी एक ठोका उशिरा उतरली.

"धत्," ती म्हणाली.

दीप्ती खाली बसली. तिथेच, उंबऱ्यावर. तीन महिने जे आलं नव्हतं ते एकदम आलं आणि ती रडायला लागली. अंबरीश इथे होता. त्याचे कपडे, चष्मा, फोटो यांत नव्हता, पोरीच्या त्या एका उशिरात होता. तो पुण्याला गेला तरी चालणार होता, कुठेही चालणार होता. आपण उद्या जायचं, दीप्तीने रडता रडता ठरवलं. चिन्मयीनेही तिच्याकडे पाहिलं आणि तिचेही डोळे भरून आले, पण तिने वाजवणं सोडलं नाही.

रेकॉर्डची ती बाजू संपली. सुईचा दांडा आपोआप उठून जागेवर गेला. तबकडी थांबली. चिन्मयीने हात तारांवर ठेवून तारा गप्प केल्या.

आणि कोपऱ्यात बेस सुरू झाला.

ऑर्गन नव्हता, गिटार नव्हती, नुसता बेस. तिसऱ्या तुकड्यातली तीच जागा. सावकाश, एकेक सूर सुटा करून, शिकवणी घेताना वाजवतात तसा. खाली उतरला तो वेळेवर. मग थांबला. जेवढ्या वेळात दुसऱ्या कोणी तेच वाजवून दाखवावं, बरोबर तेवढा वेळ थांबला. चिन्मयीचे हात हलले नाहीत. त्याने पुन्हा वाजवलं, आणि पुन्हा तेवढीच मोकळी जागा सोडली.

चिन्मयीच्या बोटांनी तारा शोधल्या. तिने वाजवलं. उशीर झाला.

"धत्" ती म्हणाली नाही.

पुन्हा कोपरा. पुन्हा ती. या वेळी उशीर अर्ध्यावर आला होता. दीप्तीला तो ऐकू आला, तो अर्धा उरलेला उशीर, आणि ज्या भीतीची तिने सोमवारी वाट पाहिली होती ती आता आली. तिने उठून भिंतीवरचं बटण बंद केलं. चिन्मयीच्या अँपचा दिवा विझला. बेस दोन्ही बाजूंनी चालू राहिला.

"चिनू," ती म्हणाली. "ठेव ते खाली."

"थांब ना आई. येऊन राहिलं आता."

आणि आलंच. चिन्मयी वेळेवर उतरली, न चुकता, पायरीखाली पायरी. कोपऱ्यातून एक ठोका पडला, मऊ, पसंतीचा. तिने परत वाजवलं, आणि तेही वेळेवर. आता कितीही वेळा वाजवलं तरी ते वेळेवरच येणार होतं. दीप्तीने कान देऊन ऐकलं, त्यात कुठे थोडा तरी उशीर राहिला आहे का. राहिला नव्हता.

चिन्मयीने मान वर केली. सकाळपासूनची राख चेहऱ्यावरून पुसली गेली होती. गाल ओले होते आणि ती हसत होती, दहावीत असताना पहिल्यांदा अख्खा तुकडा जमला तेव्हा हसली होती तशी.

"आई," तिने हळूच विचारलं, "बाबाच आहेत ना?"

बुधवारपासून माहीत असलेलं उत्तर दीप्तीच्या तोंडात होतं. ते द्यायचं तर पुढचं सगळं सांगावं लागणार होतं. की मला कळलं होतं. की तरी मी लावत राहिले. की तू येण्याआधी मी त्या स्पीकरवरची धूळ पुसून ठेवली. पोरगी तिच्या तोंडाकडे बघत होती. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती कोणाची तरी मुलगी दिसत होती.

"हो," दीप्ती म्हणाली.

कोपऱ्यात वेत करकरलं, बसलेलं माणूस उठल्यावर करकरतं तसं. दिवाणाच्या काठावरच्या उन्हातून काहीतरी पुढे आलं, म्हणजे ऊन तेवढ्या जागी नव्हतं, आणि मग पुन्हा होतं. चिन्मयीने तिकडे पाहिलंही नाही. तिने गिटार मांडीवर नीट घेतली आणि शेजारी जागा व्हावी म्हणून दिवाणावर थोडी सरकून बसली.